एकाच बाईचे दोन रिपोर्ट, एक शून्य आणि एक सतरा: लातूरकडची पीडी-एल१ची एक केस

२०२५ चा एप्रिल संपत आलेला, लातूरला दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही असं ऊन, आणि त्या उन्हात औसा तालुक्यातल्या एका गावातून एक माणूस स्कुटीवर माझ्या लॅबला आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याच्या वहिनीचे दोन वर्षांचे सगळे कागद, आणि डिकीत एका प्लास्टिकच्या डबीत चार ब्लॉक. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, त्यावरून आम्ही स्लाइड कापतो. तो म्हणला, "मॅडम, ही तपासणी परत करा म्हणायलेत. रिपोर्टवर तर झिरो लिहिलंय, निगेटिव्ह लिहिलंय, मग परत कशाला? आधी बी दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे गेलेत ह्याच्यात."

मी आधी डबी उघडली. चारपैकी दोन ब्लॉकच्या कडा बसल्या होत्या. आमचं मेण साधारण ५६ ते ६० डिग्रीला वितळतं आणि एप्रिलच्या उन्हात बंद डिकी किती तापते ते आपल्याकडच्या कुणालाच वेगळं सांगायला नको. त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ह्या चार चौकोनी वड्यांमध्ये वहिनीची पुढची सगळी ट्रीटमेंट आहे, त्यांना ऊन लागू देऊ नका म्हणून. ब्लॉक गार केले, परत नीट बसवले, आतलं मटेरियल वाचलं.

ही केस सविस्तर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. बाईंना आणि घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, कुठलं हॉस्पिटल कुठली लॅब हेही लिहिणार नाही. कुणाला उघडं पाडायचं म्हणून हे नाहीच. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये पीडी-एल१ची, म्हणजे गाठीतल्या पेशींवरच्या एका प्रथिनाची, तपासणी आता आपल्या जिल्ह्यांमधूनही व्हायला लागलीय, आणि त्या एका आकड्यावर लाखांचं औषध द्यायचं की नाही ते ठरतंय, तर तो आकडा कसा येतो आणि कुठे घसरतो हे लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तर बाई ४७ वर्षांच्या. कोरडवाहू सहा एकर, सोयाबीन आणि तूर, दोन मुलं, मोठा पुण्याला कंपनीत. २०२३ च्या जानेवारीत उजव्या बाजूला गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितलं नाही, मग लग्नसराई, मग पेरणीची तयारी, असं करत जून उजाडला. (दुखत नाही म्हणून थांबलेल्या बायका मी किती बघितल्या असतील त्याचा हिशोब नाही. कॅन्सरची गाठ सुरवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही हो, हे घराघरात सांगा.) जूनमध्ये सुईने तुकडा काढला, म्हणजे कोअर बायोप्सी. ग्रेड ३ चा कॅन्सर, गाठ जवळपास ४ सेंटीमीटर, काखेत एक गाठ लागलेली. आणि इआर, पीआर (हॉर्मोन पकडणारी दोन प्रथिनं) आणि हर२ (पेशींची वाढ जोरात करणारं प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह. ह्यालाच ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. हॉर्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, हर२ची ती नेहमीची इंजेक्शनं चालत नाहीत, केमोवरच सगळी मदार, आणि परत उलटायची भीती पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त.

आज अशा केसला आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम ठेवायला बघतात. इथे आधी ऑपरेशन झालं, कारण ऑपरेशनची तारीख लगेच मिळाली आणि घरच्यांना वाटलं एकदाची गाठ अंगाबाहेर जाऊ दे. त्यानंतर केमो जानेवारी २०२४ पर्यंत, मग रेडिएशन मार्चपर्यंत. हे सगळं महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळे तोपर्यंत घर कर्जात गेलं नव्हतं.

आता ऑपरेशनच्या दिवसाबद्दल. हे मला दिराने सांगितलं, आणि त्याला ते जसंच्या तसं आठवत होतं कारण ती बरणी त्यानेच हातात धरून नेली होती. शनिवारी सकाळी ऑपरेशन झालं. काढलेला अख्खा स्तन बरणीत मावेना, तर तिथल्या माणसाने दाबून बसवला आणि वरून उरलं तेवढं फॉर्मलिन, म्हणजे मांस सडू नये म्हणून वापरायचं द्रावण, ओतलं. लॅब रविवारी बंद, म्हणून बरणी दोन रात्री घरात कपाटावर राहिली आणि सोमवारी दुपारी लॅबला पोचली. घरच्या बायका त्या खोलीत गेल्या नाहीत म्हणाला दोन दिवस.

हे ऐकून माझ्या पोटात खड्डाच पडला. कारण फॉर्मलिन मांसात फार हळू शिरतं, ताशी एक मिलिमीटर धरा, तेही सगळीकडून मोकळं असेल तर. नियम असा की तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे, मोठा असेल तर पावासारखे त्याचे काप पाडले पाहिजेत म्हणजे आतपर्यंत शिरेल, फॉर्मलिन बफर्ड (आम्लता न बदलणारं) पाहिजे आणि तुकड्याच्या दहापट पाहिजे, आणि एकूण ६ ते ७२ तास त्यात राहिलं पाहिजे. दाबून भरलेल्या बरणीत काय होतं? बाहेरची कड पक्की होते आणि मधली गाठ आपली आपण सडायला लागते. वास येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. स्लाइडवर मात्र मधल्या पेशी पुसट, केंद्रकं विरघळल्यासारखी, आणि अशा पेशींवर कुठलाही स्टेन, म्हणजे तपासणीचा रंग, टाका, तो लागत नाही. मग रिपोर्ट येतो निगेटिव्ह.

माझी पहिली धडधड पीडी-एल१ची नव्हतीच, ती ट्रिपल निगेटिव्हची होती. फिक्सेशन, म्हणजे फॉर्मलिनमध्ये पक्कं होणं, बिघडलं म्हणून इआर निगेटिव्ह आला असेल आणि बाईला हॉर्मोनच्या गोळ्या चालल्या असत्या तर? म्हणून आधी जूनची जुनी कोअर बायोप्सी मागवली. कोअरचे तुकडे शेवयांसारखे बारीक असतात, फॉर्मलिन लगेच आरपार जातं. त्यातल्या इआरच्या स्लाइडवर गाठीशेजारच्या चांगल्या दुधाच्या नळ्या होत्या आणि त्या व्यवस्थित रंगल्या होत्या. म्हणजे टेस्ट लागलीय, आणि गाठच खरोखर निगेटिव्ह आहे. इआरचा निगेटिव्ह रिपोर्ट वाचताना त्या शेजारच्या नळ्यांबद्दल काही लिहिलंय का ते बघत जा, नसेल तर विचारा. ह्या बाबतीत जीव भांड्यात पडला.

मग पीडी-एल१कडे वळले. तो २०२३ मध्येच केला होता, ऑपरेशनच्या ब्लॉकवर, केमो सुरू व्हायच्या आधी. आणि इथे पहिली गोष्ट अशी की त्या वेळी ह्या तपासणीची गरजच नव्हती. गाठ स्तनात आणि काखेत आहे, दुसरीकडे कुठे पसरलेली नाही अशा टप्प्यावर पेम्ब्रोलिझुमॅब (शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सरवर सोडणारं इम्युनोथेरपीचं औषध) द्यायचं की नाही हे पीडी-एल१वर ठरत नाही. कीनोट-५२२ नावाचा मोठा अभ्यास होता, ११७४ रुग्ण, ऑपरेशनच्या आधी केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब दिलं तर ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण गेलेली असण्याचं प्रमाण ५१.२ टक्क्यांवरून ६४.८ टक्क्यांवर गेलं, आणि हा फायदा पीडी-एल१ पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, दोन्हीकडे दिसला. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली तीही पीडी-एल१ न बघता. म्हणजे त्या दोन क्विंटल सोयाबीनच्या पैशातून त्या वेळी कुठलाच निर्णय होणार नव्हता. कुणीतरी फॉर्मवर सगळ्या चौकटींत टिक केली, एवढंच. आणि तोच निरुपयोगी रिपोर्ट दोन वर्षं फाइलमध्ये पडून राहिला आणि नको त्या वेळी पुढे आला.

कारण एप्रिल २०२५ मध्ये बाईंना खोकला लागला, गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ लागली. सीटी केला तर मानेच्या गाठी आणि दोन्ही फुप्फुसांत ठिपके, सगळ्यात मोठा १.८ सेंटीमीटर. यकृत स्वच्छ. रेडिएशन संपून तेरा महिने झालेले. आता रोग पसरलेला, आणि आत्ता मात्र पीडी-एल१ला अर्थ होता. पहिल्या डॉक्टरांनी फाइल उघडली, त्यात शून्य टक्के निगेटिव्ह दिसलं, ते म्हणाले इम्युनोथेरपीचा उपयोग नाही, नुसती केमो घ्या. पुण्याच्या मुलाने हट्ट करून दुसऱ्या एका डॉक्टरांना कागद दाखवले. त्यांनी रिपोर्टची एक ओळ वाचली आणि म्हणाले हे परत करा.

ती ओळ अशी: क्लोन २२सी३, टीपीएस ०%, निगेटिव्ह.

आता हे टीपीएस काय आहे ते समजून घ्या, सगळी मेख इथेच आहे. आधी पीडी-एल१ म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या पांढऱ्या पेशींमधली टी-पेशी म्हणजे जोमात असलेला बैल धरा. तिच्यावर पीडी-१ नावाचा कासरा असतो. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ असेल तर ती हा कासरा ओढते आणि टी-पेशी जागच्या जागी थांबते. शरीरात ही सोय चांगल्यासाठीच आहे, नाहीतर टी-पेशी आपल्याच अवयवांवर धावून जातील. पण कॅन्सर हीच सोय आपल्या कामाला लावतो. पेम्ब्रोलिझुमॅब हे कासऱ्यावरचा तो हात सोडवणारं औषध. पीडी-१ पहिल्यांदा सापडला १९९२ मध्ये जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत, आणि २०१८ चं नोबेल त्यांना आणि असाच दुसरा एक कासरा सोडवणारे अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांना मिळालं.

पण कासरा ओढणारा हात कुणाचा? फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा खुद्द कॅन्सरच्या पेशींचा. म्हणून तिथे टीपीएस मोजतात, म्हणजे शंभर कॅन्सर पेशींपैकी किती रंगल्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसं नसतं. इथे पीडी-एल१ जास्त करून गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज ह्या रोगप्रतिकारक पेशींवर असतो, कॅन्सर पेशी बऱ्याचदा कोऱ्याच. म्हणून इथे सीपीएस मोजायचा असतो. रंगलेल्या कॅन्सर पेशी, अधिक रंगलेल्या लिम्फोसाइट, अधिक रंगलेले मॅक्रोफेज, ह्या सगळ्यांची बेरीज करायची, तिला जिवंत कॅन्सर पेशींच्या एकूण संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आकडा शंभरापुढे गेला तरी शंभरच लिहायचा. टक्के लिहायचे नाहीत, तो नुसता स्कोअर आहे.

हिशोब करून बघा. हजार जिवंत कॅन्सर पेशी मोजल्या. त्यातल्या ४ रंगल्या. आजूबाजूच्या १३० रोगप्रतिकारक पेशी रंगल्या. टीपीएस काढला तर ०.४ टक्के, म्हणजे एकच्या खाली, निगेटिव्ह. सीपीएस काढला तर १३.४, म्हणजे दहाच्या वर, पॉझिटिव्ह. स्लाइड तीच, स्टेन तोच, रंग तेवढाच. बदललं काय तर काय मोजायचं ते. त्या लॅबच्या माणसाने फुप्फुसाचा फॉरमॅट स्तनाच्या गाठीला लावला होता, आणि कॉम्प्युटरवर जुना रिपोर्ट कॉपी करून नाव बदलताना हे किती सहज होतं ते मला माहितीय, आम्ही सगळे तसेच रिपोर्ट टाइप करतो.

आणि दहाची रेघ का, तर कीनोट-३५५ अभ्यासामुळे. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्हचे ८४७ रुग्ण, काहींना नुसती केमो, काहींना केमो आणि पेम्ब्रोलिझुमॅब. सीपीएस १० किंवा जास्त असणाऱ्यांमध्ये रोग आटोक्यात राहायचा मधला काळ ५.६ महिन्यांवरून ९.७ महिने झाला, आणि आयुष्याचा मधला आकडा १६.१ महिन्यांवरून २३ महिने. पण १ आणि त्यापुढचे सगळे एकत्र धरले तर तो फरक पक्का सिद्ध झाला नाही. दहाच्या वर असणारे साधारण अडतीस टक्के निघाले, म्हणजे दहातल्या चौघीसुद्धा नाहीत. आणि सीपीएस ९ आणि ११ मधला फरक सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण कागदावर तो औषध मिळणं आणि न मिळणं असा होतो.

ह्यात अजून एक गुंता आहे तो आमच्या धंद्यातल्या लोकांनाही गोंधळात टाकतो. पीडी-एल१ रंगवायची औषधं, म्हणजे अँटिबॉडीचे क्लोन, एकच नाहीत. पेम्ब्रोलिझुमॅबसोबत २२सी३ आणि सीपीएस. अॅटेझोलिझुमॅब नावाचं दुसरं औषध होतं त्याच्यासोबत एसपी१४२ हा क्लोन, आणि तिथे फक्त रोगप्रतिकारक पेशी बघायच्या, त्यांनी गाठीचा एक टक्का भाग व्यापला की पॉझिटिव्ह. त्या औषधाला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये घाईची मंजुरी मिळाली, पुढच्या अभ्यासात वेगळ्या केमोसोबत फायदा दिसला नाही, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने तिथे स्तनाच्या कॅन्सरसाठीची मंजुरी मागे घेतली. त्या पहिल्या अभ्यासातल्याच ६१४ जणींचे नमुने परत वेगवेगळ्या क्लोनने तपासले गेले, तर एसपी१४२ने ४६ टक्के पॉझिटिव्ह आणि २२सी३ने सीपीएस १ धरून ८१ टक्के. त्याच बायका, त्याच गाठी! त्यामुळे कुणी मला फोनवर "पीडी-एल१ पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह" एवढंच विचारलं तर मी उलट विचारते, कुठल्या औषधासाठी, कुठल्या क्लोनने, कुठला तुकडा. ही तीन उत्तरं नसतील तर त्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हला काही अर्थच राहत नाही.

परत केसवर येते. जुनी रंगवलेली स्लाइड मागवली, तिथल्या लोकांनी कसलीही खळखळ न करता दिली, ह्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. मी सीपीएस मोजला. गाठीचा मधला भाग सगळा पुसट, तो धरताच येत नव्हता, फक्त कडेची एक पट्टी नीट होती. त्या पट्टीत माझा स्कोअर आला ८. रात्री झोप नाही. सकाळी सोलापूरच्या एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीला स्लाइड पाठवली, माझा आकडा न सांगता. तिचा आला ११. आता सांगा, काय लिहायचं? मी आठच लिहून मोकळी झाले असते तर बाईला औषध नाही, तिने सही केली असती तर आहे. आम्ही दोघी अर्धा तास फोनवर होतो आणि शेवटी ठरलं की ह्या स्लाइडवर कुणीच सही करायची नाही. कडेची पट्टी म्हणजे अख्खी गाठ नव्हे, आणि दोन वर्षांपूर्वीची स्तनातली गाठ म्हणजे आजची मानेतली गाठ नव्हे, मधे आठ केमो गेल्यात. ताजी बायोप्सी लागणार.

हे दिराला सांगायचं काम सगळ्यात अवघड गेलं. तो चिडला नाही, नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता पहिला चुकला. दुसरा चुकणार न्हाई ह्याची काय गॅरंटी?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणले भाऊ, गॅरंटी नाही देऊ शकत, पण ह्या वेळी तुकडा माझ्या डोळ्यासमोर फॉर्मलिनमध्ये पडेल आणि दोन जणी वेगवेगळं मोजतील, एवढं माझ्या हातात आहे. बाई स्वतः बाजूच्या खुर्चीवर होत्या, इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "बाई, परत सुई टोचून बी न्हाईच निघालं तर मग माझ्यासाठी काहीच न्हाई का?" तर तसं नाही, हे मी त्यांना नीट बसून सांगितलं. दहाच्या खाली आलं तरी केमो आहेच. रक्तातून बीआरसीए जीन बघायचा, तो बिघडलेला निघाला तर ओलापरिब सारख्या गोळ्या आहेत. सॅसिट्युझुमॅब गोविटेकन नावाचं औषध पीडी-एल१ कितीही असला तरी पुढच्या टप्प्यावर चालतं, खर्चाचं आहे पण आहे. आणि ताज्या तुकड्यावर हर२ परत बघायचा, कारण पूर्वी ज्याला नुसतं निगेटिव्ह म्हणायचो त्यात आता थोडासा हर२ असणारा वेगळा गट मानतात आणि त्याला वेगळं औषध आहे. त्या म्हणाल्या, "मग टोचा."

कुठून टोचायचं हाही विचार करावा लागतो. फुप्फुसातले ठिपके छोटे, तिथे सुई घालायला धोका. हाडात रोग असता तर मी नको म्हणले असते, कारण हाड मऊ करायला आम्ल वापरावं लागतं आणि त्यानंतर ह्या टेस्टचा भरवसा नसतो. यकृतातल्या गाठींत पीडी-एल१ बऱ्याचदा कमी सापडतो. मानेची गाठ हाताला लागत होती, सोनोग्राफीखाली चार कोअर काढले. मी स्वतः गेले होते, बाटली हातात धरून उभी, दुपारी सव्वाबाराला तुकडे पडले, बाटलीवर वेळ लिहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोसेसिंगला लावले.

लातूरला ह्या क्लोनचं ठरलेलं मशीन माझ्याकडे नाही, ब्लॉक पुण्याला पाठवावा लागतो. ह्या वेळी थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्या घालून, आणि रात्रीच्या गाडीने. स्लाइड कापूनच पाठवल्या असत्या तर सोपं होतं, पण कापलेली स्लाइड पडून राहिली की स्टेन फिका येतो, म्हणून ब्लॉकच पाठवला आणि तिथे कापून लगेच रंगवा म्हणून चिठ्ठी लावली. रंगवलेल्या स्लाइड परत आल्या, सोबत टॉन्सिलचा कंट्रोल, म्हणजे स्टेन नीट लागला का ते ताडायचा ठरलेला तुकडा. आधी टॉन्सिल बघायचं. त्याच्या खाचांचं अस्तर गडद रंगलंय का, तर होतं. मगच पेशंटची स्लाइड.

मानेची गाठ म्हणजे मुळात लिम्फोसाइटचं घर, इथे नवखा माणूस फसतो. सगळेच लिम्फोसाइट मोजायचे नसतात. कॅन्सरच्या झुबक्यांच्या आत आणि त्यांना लागून असलेलेच धरायचे, गाठीचे आपले जुने रहिवासी सोडायचे. कमीत कमी शंभर जिवंत कॅन्सर पेशी लागतात, इथे हजाराच्या वर होत्या. मी मोजलं, १५. मैत्रिणीने मोजलं, १९. दोघी एकत्र व्हिडिओवर बसलो, वाद होते ते भाग परत बघितले आणि १७ लिहिला. ह्या वेळी आकडा दोघींचाही रेघेच्या चांगला वर होता, त्यामुळे सही करताना हात थरथरला नाही. रिपोर्टमध्ये क्लोन, स्कोअरची पद्धत, तुकडा कुठला, फॉर्मलिनमध्ये किती तास, कंट्रोल लागला का, सगळं लिहिलं. हर२ पूर्ण शून्यच आला. बीआरसीए नंतर आला, नॉर्मल.

जूनमध्ये जेमसिटाबिन-कार्बोप्लॅटिन आणि दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम पेम्ब्रोलिझुमॅब सुरू झालं. टॅक्सेन गटातली केमो आधी होऊन गेलेली म्हणून ही जोडी निवडली. खर्चाचं काय झालं ते लपवत नाही. एका डोसची छापील किंमत त्यांच्या सहा एकरांच्या वर्षभराच्या सोयाबीनपेक्षा जास्त. ३० मार्च २०२३ ला केंद्र सरकारने ह्या औषधावरची कस्टम ड्युटी माफ केली खरी, तरी शेतकऱ्याच्या घराला ते परवडणारं झालेलं नाही. काही डोस विकत घेतले की पुढचे मिळतात अशी कंपनीची मदत योजना असते, त्यात बसवलं. पुण्याच्या मुलाने कर्ज काढलं, दिराने एक एकर गहाण टाकलं. दिराने मला विचारलंही होतं की टाटाला म्हणे अगदी कमी डोसमध्ये असलं औषध देतात ते नाही का चालणार. त्याने बरोबर ऐकलं होतं, टाटा मेमोरियलने तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम देऊन फायदा दाखवलाय, आणि आपल्यासारख्या देशासाठी मला ते काम फार मोलाचं वाटतं. पण तो कॅन्सर वेगळा, त्यांच्या डॉक्टरांनी ह्या केसला पूर्ण डोसच ठेवला.

पाचव्या डोसनंतर बाई एकदम मंद झाल्या. ऐन सप्टेंबरात अंगावर गोधडी, पाय जड, बोलणं हळू. घरात सगळे म्हणायलेत केमोचा अशक्तपणा आहे, शेजारणीने खजूर-दूध चालू केलं. धाकट्या मुलाने इंजेक्शनच्या वेळी दिलेला कागद काढला, त्यात थायरॉइड लिहिलं होतं, आणि तो आईला घेऊन तडक रक्त द्यायला आला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की वाढणारा हॉर्मोन, प्रचंड वाढलेला. कासरा सोडला की बैल कधीकधी आपल्याच पिकात शिरतो, तसं टी-पेशींनी थायरॉइडवर हल्ला केला होता. थायरॉइडची गोळी चालू झाली, तीन-चार आठवड्यांत बाई परत अंगणात बसून तूर निवडायला लागल्या, औषध बंद करावं लागलं नाही. पण हेच यकृत, आतडी किंवा फुप्फुसात झालं असतं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून जुलाब, धाप, कावीळ, अति थकवा ह्यातलं काहीही झालं तर गावातल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की इम्युनोथेरपी चालू आहे. आम्ही तो कागद मोठ्या अक्षरात परत छापून त्यांच्या फ्रिजवर चिकटवायला दिला.

सप्टेंबरच्या शेवटी सीटी झाला. मानेच्या गाठी हाताला लागत नाहीत, फुप्फुसातला मोठा ठिपका १.८ वरून ०.७. डिसेंबरला तेवढाच. आता हे केमोमुळे की पेम्ब्रोलिझुमॅबमुळे, एका बाईवरून कुणीच सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. सीपीएस १७ असूनही काहींना औषध लागू पडत नाही, हेही मी त्यांच्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

माझ्याकडे ह्या केसनंतर दोन गोष्टी बदलल्या. पीडी-एल१चा फॉर्म आला की मी आधी डॉक्टरांना फोन करते, रोग पसरलाय का, कुठलं औषध मनात आहे, आणि उत्तर "असंच, माहितीसाठी" असं आलं तर ब्लॉक ठेवून देते आणि नातेवाइकांना सांगते की आत्ता पैसे घालू नका. दुसरं म्हणजे आजूबाजूच्या ज्या ऑपरेशन थिएटरमधून माझ्याकडे तुकडे येतात तिथे मी पाच लिटरचे रुंद तोंडाचे डबे बफर्ड फॉर्मलिन भरून ठेवून आले, झाकणावर ऑपरेशनची वेळ लिहायची पट्टी, आणि शनिवारी केस असेल तर कितीही वाजता मला फोन करा म्हणून नंबर. रविवारी दोनदा गेले आतापर्यंत, काप पाडायला अर्धा तास लागतो.

ब्लॉक मी बाईंना परत दिले, तो त्यांचा हक्क आहे. जानेवारीत दीर हुरडा घेऊन आला होता तेव्हा सहज विचारलं ब्लॉक कुठे ठेवलेत. म्हणाला, "माजघरात, धान्याच्या कोठीमागं, मातीच्या भिंतीला लागून. तिथं मे महिन्यात बी गार असतंय. वहिनीनंच जागा दावली."